मायग्रेशन अर्ध्यात तुटली तर? स्कीमा बदलांचं साधन निवडताना

स्कीमा मायग्रेशनचं (डेटाबेसच्या रचनेतले बदल फाइलमध्ये लिहून क्रमाने लागू करण्याचं) साधन निवडायला बसलं की पहिल्यांदा एक तक्ता तयार होतो. डाव्या बाजूला फ्लायवे, लिक्विबेस, अलेम्बिक, ॲटलास, स्क्विच ही नावं, वरच्या ओळीत वैशिष्ट्यं, आणि मधे बरोबरच्या खुणा. त्या तक्त्यातून निर्णय होत नाही. या सगळ्यांचं मूळ काम एकच आहे: कोणती फाइल कोणत्या डेटाबेसवर चालली याची नोंद एका टेबलात ठेवायची आणि राहिलेल्या फाइल्स क्रमाने चालवायच्या. सगळं सुरळीत असताना हे काम सगळीच साधनं नीट करतात. मायग्रेशन मधेच तुटते, दोन पाइपलाइन (तपासणी आणि डिप्लॉयमेंटचे आपोआप चालणारे क्रम) एकाच वेळी धावतात किंवा कुणीतरी जुनी फाइल बदलतं, तेव्हा त्यांच्यातला फरक दिसतो. म्हणून आम्ही निवड उलट टोकाने केली. आधी मोडून पाहायचं, मग सोयी मोजायच्या.

आमच्यासमोरची व्यवस्था अशी होती: मुख्य सेवा जावा आणि स्प्रिंग बूटवर, तिचा डेटाबेस पोस्टग्रेस, एक जुनी सेवा मायएसक्यूएल ८ वर, अहवालांची एक सेवा पायथनमध्ये. सगळं कुबर्नेटीसवर (कंटेनर चालवणारी व्यवस्था; तिथे ॲपची प्रत्येक चालू प्रत म्हणजे एक पॉड), डिप्लॉयमेंट गिटलॅबच्या पाइपलाइनमधून आणि रोलिंग पद्धतीने. म्हणजे काही मिनिटं जुने पॉड आणि नवे पॉड एकाच डेटाबेसवर एकत्र चालणार. पुढचे बरेच निर्णय या शेवटच्या गोष्टीवर अवलंबून होते.

मोडून पाहण्याच्या चार चाचण्या

पहिली चाचणी: एका फाइलमध्ये तीन बदल लिहायचे आणि तिसरा मुद्दाम चुकीचा ठेवायचा. पोस्टग्रेसमध्ये स्कीमाचे बहुतेक बदल ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे एकत्र पूर्ण होणाऱ्या किंवा एकत्र मागे फिरणाऱ्या गटात, बसतात. त्यामुळे फ्लायवेने तिन्ही बदल मागे घेतले, नोंदीच्या टेबलात काहीच उरलं नाही, आणि फाइल दुरुस्त करून पुन्हा चालवली की काम झालं. तीच फाइल मायएसक्यूएलवर चालवली तर पहिले दोन बदल कायम राहतात, कारण तिथे प्रत्येक ऑल्टर किंवा क्रिएट विधानाबरोबर आपोआप कमिट होतो. आवृत्ती ८ मध्ये एकेक विधान अणुरूप (पूर्ण होतं किंवा अजिबात होत नाही) झालं आहे, पण विधानांचा गट होत नाही. फ्लायवे तिथे फसलेली नोंद ठेवतं आणि पुढचं सगळं थांबवतं. मग अर्धवट बदल हाताने काढायचे, रिपेअर कमांडने नोंद पुसायची आणि पुन्हा चालवायचं. हा दोष साधनाचा नाही, डेटाबेसचाच तसा स्वभाव आहे. त्यावरून मायएसक्यूएलसाठी आमचा नियम ठरला: एका फाइलमध्ये एकच स्कीमा बदल. फाइल्सची संख्या वाढते, पण तुटल्यावर काय झालं आणि काय राहिलं हे पाहताक्षणी कळतं.

दुसरी चाचणी: मायग्रेशन चालू असताना प्रोसेस किल करायची, निरोप घ्यायला वेळ न देता. इथे लिक्विबेस आणि फ्लायवे यांच्यातला खरा फरक दिसला. लिक्विबेस लॉकसाठी (एका वेळी एकच प्रोसेस चालावी यासाठीच्या खुणेसाठी) स्वतःचं टेबल ठेवतं आणि त्यात ‘लॉक घेतला’ अशी ओळ लिहून कमिट करतं. प्रोसेस मेली तरी ती ओळ राहतेच. पुढची प्रत्येक प्रोसेस ‘चेंजलॉग लॉकची वाट पाहत आहे’ असं म्हणत थांबते आणि मूळ सेटिंगप्रमाणे पाच मिनिटांनी हार मानते. लॉक सोडवायची कमांड आहे, पण ती कुणीतरी शुद्धीवर राहून चालवावी लागते: खरोखर कुणी चालू नाही ना, हे पाहून. पोस्टग्रेसवर फ्लायवे ॲडव्हायझरी लॉक वापरतं. कनेक्शन तुटलं की डेटाबेसच तो लॉक सोडतो. कुबर्नेटीसमध्ये पॉड कधीही मरू शकतो, त्यामुळे आमच्या निर्णयात या चाचणीला सगळ्यात जास्त वजन होतं.

तिसरी: दोन प्रोसेस एकदम सुरू करायच्या. दोन्ही साधनं पास झाली, पण एका अटीवर. मधे पीजीबाउन्सर (मोजकी कनेक्शन वाटून वापरणारा पूलर) ट्रान्झॅक्शन मोडमध्ये असेल तर सेशनशी बांधलेला ॲडव्हायझरी लॉक भरवशाचा राहत नाही, कारण पुढचं विधान कोणत्या सर्व्हर कनेक्शनवर जाईल याची खात्री नसते. म्हणून मायग्रेशनचं कनेक्शन पूलर टाळून थेट ५४३२ पोर्टवर जातं. ॲपचं कनेक्शन मात्र पूलरमधूनच.

चौथी: आधी चाललेल्या फाइलमध्ये एक अक्षर बदलायचं. फ्लायवे फाइलचा चेकसम (मजकुरावरून काढलेला आकडा) जुळवतं आणि थांबतं, लिक्विबेसही थांबतं. अलेम्बिक थांबत नाही. त्याच्या टेबलात फक्त सध्याच्या रिव्हिजनचा क्रमांक असतो, फाइलच्या मजकुराची नोंद नसते. त्यामुळे स्टेजिंगवर (चाचणीच्या व्यवस्थेवर) एक आणि प्रॉडक्शनवर (खऱ्या व्यवस्थेवर) दुसरं, असं गुपचूप घडू शकतं. लिक्विबेसची आणखी एक खोच इथेच सापडते. त्याच्या लेखी चेंजसेटची ओळख म्हणजे आयडी, लेखक आणि फाइलचा मार्ग या तिघांचं त्रिकूट. फोल्डर नीटनेटके करायच्या उत्साहात फाइल हलवली की तेच चेंजसेट नवं समजलं जातं, पुन्हा चालतं आणि ‘टेबल आधीच आहे’ म्हणून फसतं. लॉजिकल फाइल पाथ पहिल्या दिवसापासून लिहून ठेवला तर हा त्रास टळतो.

मग काय घेतलं आणि का

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल दोन्हींसाठी फ्लायवे, साध्या एसक्यूएल फाइल्ससह. लिक्विबेसचा खरा फायदा एकच मायग्रेशन अनेक प्रकारच्या डेटाबेसवर चालवायची असते तेव्हा मिळतो. एकच उत्पादन एका ग्राहकाकडे ओरॅकलवर, दुसऱ्याकडे एसक्यूएल सर्व्हरवर बसवणाऱ्या कंपनीने लिक्विबेसच घ्यावं. त्याच्या पूर्वअटींचीही सोय उत्तम आहे. आमच्याकडे तशी गरज नव्हती, आणि लॉक टाळायचा तर नेमकं कोणतं एसक्यूएल चालणार आहे हे रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवं होतं.

पायथनच्या सेवेत अलेम्बिकच ठेवलं, कारण ते एसक्यूएलअल्केमी या पायथन लायब्ररीच्या मॉडेलशी जोडलेलं आहे. पण ऑटोजनरेट केलेली फाइल हा कच्चा खर्डा मानायचा. कॉलमचं नाव बदललं तर त्याला ते कळत नाही. जुना कॉलम काढा आणि नवा घाला, असं ते लिहितं आणि डेटा गेला. दोन शाखांमधून दोन रिव्हिजन आल्या की दोन ‘हेड’ (साखळीची शेवटची टोकं) तयार होतात आणि अपग्रेड थांबतो. हेड एकापेक्षा जास्त असतील तर मर्ज रिक्वेस्ट (शाखा मुख्य कोडमध्ये मिसळण्याची विनंती) पाइपलाइनमध्येच अडवायची.

ॲटलाससारखी घोषणात्मक साधनं, किंवा एसक्यूएल सर्व्हरच्या जगातला डॅकपॅक, यांची पद्धत वेगळी आहे. स्कीमा शेवटी कसा हवा ते लिहायचं आणि तिथे कसं पोचायचं ते साधन ठरवतं. पोचायचा रस्ता साधनावर सोपवणं प्रॉडक्शनसाठी आम्हाला पटलं नाही. हा बदल किती वेळ लॉक धरेल, हा प्रश्न रस्त्याचाच आहे, मुक्कामाचा नाही. फरक शोधायला आणि रिव्ह्यूसाठी खर्डा तयार करायला मात्र ही साधनं फार कामाची आहेत. स्क्विचची डिप्लॉय, रिव्हर्ट आणि व्हेरिफाय अशी तीन फाइल्सची पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. ते साधन घेतलं नाही तरी व्हेरिफायची कल्पना आम्ही उचलली.

हायबरनेटचा (जावाचे ऑब्जेक्ट टेबलांशी जोडणाऱ्या लायब्ररीचा) ‘अपडेट’ पर्याय बंद करून ‘व्हॅलिडेट’ वर आणला. अपडेट नवे कॉलम घालतो, जुने काढत नाही, नाव बदललेलं ओळखत नाही. वर्षभर वापरला की कोणता कॉलम कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

फाइल्सची नावं क्रमांकाऐवजी वेळेवरून ठेवली: व्ही, मग वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट, मग दोन अंडरस्कोर आणि वर्णन. एकच अंडरस्कोर दिला तर फ्लायवे तो आवृत्तीचा भाग समजतं. साधे क्रमांक ठेवले की दोन शाखांमध्ये दोघेही ४२ घेतात आणि मर्ज झाल्यावर बिल्ड फसतो. वेळेच्या नावांनी ती टक्कर टळते, पण दुसरा प्रश्न उभा राहतो. सोमवारी लिहिलेली फाइल बुधवारच्या फाइलनंतर मर्ज झाली तर फ्लायवे ‘मधली फाइल चाललेली नाही’ म्हणून थांबतं. ‘आउट ऑफ ऑर्डर’ चालू करता येतं, पण मग स्टेजिंगवरचा क्रम आणि प्रॉडक्शनवरचा क्रम वेगळा होऊ शकतो. आम्ही ते बंदच ठेवलं. मर्ज होण्याआधी आपली फाइल सगळ्यात नव्या वेळेची आहे का, हे पाइपलाइन तपासते. नसेल तर नाव बदलून पुन्हा पाठवायची.

चालू डेटाबेसला साधनाखाली आणणं

हे काम सोपं वाटतं आणि इथेच वेळ जातो. प्रॉडक्शनचा स्कीमा पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या साधनाने फक्त रचना, मालक आणि परवानग्या वगळून काढायचा आणि ती पहिली फाइल करायची. तशीच्या तशी ती चालत नाही. डंपच्या सुरुवातीला सर्च पाथ (नावं कोणत्या स्कीमात शोधायची ती यादी) रिकामा करणारी ओळ असते. ती राहिली तर त्याच सेशनमध्ये पुढे स्कीमाचं नाव न लावलेलं विधान आलं की ‘कोणत्या स्कीमात बनवू’ अशी तक्रार येते. ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा दुरुस्तीनंतरच्या आवृत्त्या डंपच्या सुरुवातीला आणि शेवटी बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या ‘रिस्ट्रिक्ट’ आणि ‘अनरिस्ट्रिक्ट’ अशा ओळीही घालतात. त्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनासाठी आहेत, डेटाबेस सर्व्हरसाठी त्या वैध एसक्यूएल नाहीत. दोन्ही प्रकारच्या ओळी काढायच्या.

मग प्रॉडक्शनवर बेसलाइन कमांड त्या आवृत्तीच्या क्रमांकासह एकदाच हाताने चालवायची. तिथे पहिली फाइल चालणार नाही, फक्त नोंद होईल. नव्या रिकाम्या डेटाबेसवर मात्र ती चालेल. ‘बेसलाइन ऑन मायग्रेट’ हा पर्याय कॉन्फिगरेशनमध्ये कायमचा ठेवू नये. चुकीच्या डेटाबेसचा पत्ता दिला गेला तरी तो भरलेला स्कीमा पाहून निमूटपणे बेसलाइन करतो आणि पुढच्या फाइल्स चालवायला लागतो. सगळं पुसणारी क्लीन कमांड फ्लायवेच्या आवृत्ती ९ पासून मुळातच बंद असते, ती तशीच राहू द्यावी.

लॉक

मायग्रेशनमुळे सेवा बंद पडली की बहुतेक वेळा कारण बदलाचा आकार नसून लॉकची रांग असतं. पोस्टग्रेसमध्ये कॉलम घालायला टेबलावर सगळ्यात कडक लॉक लागतो. काम काही मिलिसेकंदांचं असतं. आवृत्ती ११ पासून स्थिर डीफॉल्ट दिला तरी टेबल पुन्हा लिहिलं जात नाही. पण त्या टेबलावर एखादी अहवालाची क्वेरी वीस मिनिटं चालू असेल तर ऑल्टर तिच्यामागे थांबतो, आणि ऑल्टरच्या मागे येणारी प्रत्येक साधी सिलेक्टसुद्धा थांबते. पाच-दहा सेकंदांत कनेक्शन पूल भरतो आणि वापरणाऱ्याला सगळंच ठप्प दिसतं.

यावर उपाय म्हणजे लॉक टाइमआउट. मायग्रेशनच्या डेटाबेस रोलवरच (डेटाबेसमधल्या खात्यावरच) तो ३ सेकंद ठेवला, म्हणजे प्रत्येक फाइलमध्ये लिहायची आठवण ठेवावी लागत नाही. तीन सेकंदांत लॉक मिळाला नाही तर मायग्रेशन फसते, ट्रान्झॅक्शन मागे फिरतं, पाइपलाइन अर्ध्या मिनिटाने पुन्हा प्रयत्न करते. विधानाचा एकूण टाइमआउट मात्र लहान ठेवू नये, नाहीतर मोठा इंडेक्स कधीच बांधून होणार नाही.

मायएसक्यूएलमध्ये हेच मेटाडेटा लॉकच्या (टेबलाच्या रचनेवरच्या लॉकच्या) रूपात येतं. तिथे लॉकची वाट पाहण्याची मूळ मर्यादा ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे एक वर्ष. ती सेशनपुरती खाली आणलीच पाहिजे. शिवाय प्रत्येक ऑल्टरमध्ये अल्गोरिदम इन्स्टंट किंवा इनप्लेस असं स्पष्ट लिहायचं. ते शक्य नसेल तर डेटाबेस लगेच त्रुटी देतो, गुपचूप टेबलाची नक्कल करायला घेत नाही. मराठीत नावं साठवणाऱ्यांना इथे एक गोष्ट हमखास भेटते. ‘लक्ष्मी’ हे नाव डोळ्यांना दोन अक्षरांचं दिसतं, पण जोडाक्षरं सुटी करून साठवली जात असल्याने मायएसक्यूएलच्या मोजणीत ते ७ अक्षरांचं आणि यूटीएफ-८ मध्ये २१ बाइटचं असतं. पूर्ण नावाचा ५० चा कॉलम अपुरा पडतो आणि १०० करायची मागणी येते. यूटीएफ-८ एमबी४ मध्ये एका अक्षराला ४ बाइट धरले जातात. कॉलमची कमाल लांबी २५५ बाइटच्या आत असेल तर लांबीची नोंद एका बाइटमध्ये मावते, त्यापुढे दोन लागतात. म्हणजे सीमा ६३ अक्षरांवर आहे. ५० वरून ६० केलं तर जागच्या जागी होतं. ५० वरून १०० केलं तर अख्ख्या टेबलाची नक्कल. मोठ्या टेबलासाठी अशा वेळी घोस्ट हे साधन वापरलं. ते सावलीचं टेबल बनवून तुकड्या-तुकड्याने ओळी भरतं, बिनलॉग या बदलांच्या नोंदवहीवरून चालू बदल टिपतं आणि शेवटी नावांची अदलाबदल करतं. त्याला ओळनिहाय बिनलॉग लागतो आणि फॉरेन की असलेल्या टेबलावर ते चालत नाही. अशा बदलाची फ्लायवे फाइल तरीही लिहायची, म्हणजे नव्या डेटाबेसवर तोच कॉलम तयार होईल. प्रॉडक्शनवर घोस्टचं काम संपल्यावरच ती फाइल पाइपलाइनमध्ये सोडायची, कारण तोवर कॉलम हव्या त्या लांबीचा झालेला असतो आणि ऑल्टरला काही करायला उरत नाही.

पोस्टग्रेसमधला इंडेक्स ‘कंकरंटली’ या पर्यायाने बांधायचा, म्हणजे लिहिणं थांबत नाही. तो ट्रान्झॅक्शनच्या आत चालत नाही, म्हणून त्याची फाइल वेगळी. फ्लायवेशी इथे एक गाठ पडते. फ्लायवेचा मूळ लॉक एका उघड्या ट्रान्झॅक्शनमध्ये धरलेला असतो, आणि कंकरंटली इंडेक्स आपल्याआधी सुरू झालेली ट्रान्झॅक्शन्स संपायची वाट पाहतो. दोघे एकमेकांसाठी थांबतात आणि जॉब लटकून राहतो. लॉगमध्ये त्रुटीही नसते. पोस्टग्रेसच्या सेटिंग्जमध्ये ‘ट्रान्झॅक्शनल लॉक’ फॉल्स केला की फ्लायवे सेशनचा लॉक वापरतं आणि प्रश्न सुटतो. आमचा लॉक टाइमआउटही इथे आड येतो, कारण ती वाट पाहणंसुद्धा लॉकच्या वाटेतच मोजलं जातं. म्हणून इंडेक्सच्या जॉबसाठी कनेक्शनच्या पर्यायांतून तो शून्य केला.

इंडेक्स अर्ध्यात फसला तर ‘इनव्हॅलिड’ अवस्थेत मागे उरतो: क्वेरी त्याचा उपयोग करत नाही, पण प्रत्येक इन्सर्टवर त्याचा भार पडतो. आणि फाइलमध्ये ‘इफ नॉट एक्झिस्ट्स’ लिहिलं असेल तर पुढच्या वेळी तेच नाव सापडतं, काहीच बांधलं जात नाही आणि नोंद ‘यशस्वी’ अशी होते. सगळ्या मायग्रेशनमध्ये आम्हाला सगळ्यात फसवी वाटलेली गोष्ट हीच. म्हणून इंडेक्सच्या फाइलमध्ये ते शब्द वापरायचे नाहीत, आणि पाइपलाइनच्या शेवटी पीजी-इंडेक्स या सिस्टीम टेबलात इनव्हॅलिड काही आहे का, हे पाहायचं.

पाइपलाइन

स्प्रिंग बूट सुरू होतानाच फ्लायवे चालवण्याची सोय आहे आणि एका सर्व्हरवर ती पुरते. कुबर्नेटीसमध्ये मायग्रेशनला दोन मिनिटं लागली तर लाइव्हनेस प्रोब (पॉड जिवंत आहे का ही तपासणी) फसतो, पॉड मारला जातो, नवा येतो, पुन्हा तेच. इनिट कंटेनरमध्ये (ॲपच्या आधी चालणाऱ्या कंटेनरमध्ये) टाकलं तर प्रत्येक पॉडसाठी ते एकदा चालतं. शिवाय या दोन्ही मार्गांत स्कीमा बदलू शकणाऱ्या रोलचा पासवर्ड ॲपच्या पॉडला द्यावा लागतो, ते आम्हाला नको होतं.

म्हणून वेगळा जॉब, हेल्म या कुबर्नेटीसवर ॲप बसवणाऱ्या साधनाच्या प्री-इन्स्टॉल आणि प्री-अपग्रेड हुकमधून (इन्स्टॉल किंवा अपग्रेडच्या आधी चालणाऱ्या पायरीतून), ॲपच्याच कमिटचा टॅग असलेल्या इमेजवरून. पुन्हा प्रयत्नांची मर्यादा लहान ठेवायची. जुना जॉब काढण्याचं धोरण ‘पुढचा हुक तयार होण्याआधी’ असं ठेवायचं, म्हणजे फसलेल्या जॉबचे लॉग वाचायला मिळतात. हेल्मची मूळ वेळमर्यादा पाच मिनिटांची आहे. ती संपली की हेल्म रिलीज फसली म्हणतं, पण जॉब क्लस्टरमध्ये चालूच असतो. तो पाहिल्याशिवाय पुन्हा डिप्लॉय दाबू नये. हेल्मची मर्यादा जॉबच्या स्वतःच्या कमाल वेळेपेक्षा जास्त ठेवली की दोघांचं म्हणणं जुळतं. आणखी एक: हुक चार्टमधल्या (हेल्मच्या पॅकेजमधल्या) इतर गोष्टींच्या आधी चालतो, त्यामुळे डेटाबेसचा पासवर्ड त्याच चार्टमधल्या सीक्रेटमध्ये असेल तर पहिल्या इन्स्टॉलला जॉबला तो मिळत नाही. सीक्रेट आधीच वेगळं ठेवायचं. गिटलॅबमध्ये डिप्लॉयच्या पायरीला रिसोर्स ग्रुप दिला, म्हणजे एका वातावरणासाठी एका वेळी एकच पाइपलाइन.

मर्ज रिक्वेस्टवर तीन तपासण्या होतात. रिकाम्या पोस्टग्रेसवर सगळ्या फाइल्स पहिल्यापासून चालवणं. मग प्रॉडक्शनच्या रचनेच्या प्रतीवर फक्त नव्या फाइल्स चालवणं; यासाठी रचनेच्या डंपबरोबर फ्लायवेच्या नोंदीचं टेबल डेटासह वेगळं घ्यावं लागतं, नाहीतर फ्लायवेला वाटतं काहीच चाललेलं नाही. दोन्हींच्या शेवटी निघालेली रचना सारखी आहे का हे डिफने पाहिलं की प्रॉडक्शनवर कुणी हाताने केलेला बदल लगेच उघडा पडतो. तिसरी, स्क्वॉक हा पोस्टग्रेसचा लिंटर: कंकरंटली नसलेला इंडेक्स, थेट नॉट नल (कॉलम रिकामा न ठेवण्याची अट), कॉलमचा प्रकार बदलणं असं काही दिसलं की तो अडवतो. रिकाम्या टेबलांवर कोणताही ऑल्टर क्षणात होतो, त्यामुळे वेळेचा अंदाज हवा असेल तर स्टेजिंगवर प्रॉडक्शनइतक्याच ओळी हव्यात, वैयक्तिक माहिती पुसून.

परवानग्यांमध्ये रोल दोन: मायग्रेशनचा रोल टेबलांचा मालक, ॲपच्या रोलला फक्त वाचणं-लिहिणं. नवं टेबल आलं की ॲपला ‘परवानगी नाही’ अशी त्रुटी येते, कारण आधी दिलेली परवानगी आधीच्या टेबलांपुरती असते. ऑल्टर डीफॉल्ट प्रिव्हिलेजेस वापरायचं, पण ते ज्या रोलच्या नावाने लिहिलं त्यानेच बनवलेल्या टेबलांना लागू होतं. ॲडमिनच्या खात्यातून ते चालवलं आणि टेबलं मायग्रेशनच्या रोलने बनवली, तर उपयोग शून्य. सीक्वेन्सची परवानगी वेगळी द्यावी लागते.

एक बदल पूर्ण: कॉलमचं नाव बदलणं

ग्राहकांच्या टेबलातला ‘फोन’ हा नॉट नल कॉलम ‘मोबाइल’ करायचा आहे असं धरा. रीनेमची एक ओळ क्षणात चालते, आणि त्याच क्षणी जुने पॉड कोसळतात. ते टाळायचं तर हा बदल अनेक रिलीजमध्ये पसरतो.

पहिल्या रिलीजमध्ये ‘मोबाइल’ नल चालणारा कॉलम म्हणून घालायचा आणि नवा कोड दोन्ही कॉलममध्ये लिहायला लागतो, वाचतो मात्र जुन्यातून. इथे कोडमध्ये कुठे सिलेक्ट स्टार (नावं न लिहिता सगळे कॉलम मागणं) असेल तर जावाच्या ड्रायव्हरमध्ये ठेवलेली प्रिपेअर्ड क्वेरी ‘कॅश केलेल्या प्लॅनचा निकालप्रकार बदलता येत नाही’ अशी त्रुटी देते. कॉलमची नावं लिहिलेली असतील तर हा प्रश्न येत नाही.

सगळे पॉड नव्या कोडवर आल्याची खात्री झाल्यावरच जुन्या ओळी भरायला घ्यायच्या. आधी घेतल्या तर भरणं पुढे सरकून गेल्यावर जुना पॉड मागे एखादी ओळ ‘मोबाइल’शिवाय घालतो. हे भरणं मायग्रेशन फाइलमध्ये करायचं नाही. एका अपडेटमध्ये अख्खं टेबल बदललं तर सगळ्या ओळींचे लॉक शेवटपर्यंत धरले जातात, मृत ओळींचा ढीग होतो आणि रेप्लिका (डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) मागे पडते. प्रायमरी कीच्या पट्ट्यांनी, एका वेळी ५,००० ओळी, प्रत्येक तुकड्याला वेगळं कमिट, मधे थोडी विश्रांती, आणि अट ‘मोबाइल नल असेल तरच’. रेप्लिकाचा विलंब वाढला की तुकडा लहान करायचा.

मग नॉट नल. थेट लावलं तर कडक लॉक धरून पूर्ण टेबल तपासलं जातं. त्याऐवजी एका फाइलमध्ये ‘मोबाइल नल नाही’ अशी चेक कन्स्ट्रेंट नॉट व्हॅलिड म्हणून (जुन्या ओळी न तपासता) घालायची, दुसऱ्या फाइलमध्ये ती व्हॅलिडेट करायची. व्हॅलिडेट टेबल वाचतं, पण वाचन-लेखन थांबवत नाही. तिसऱ्या फाइलमध्ये नॉट नल लावायचं. आवृत्ती १२ पासून पोस्टग्रेस ती वैध चेक पाहून पुन्हा तपासणी करत नाही. मग चेक काढून टाकायची. पहिल्या दोन गोष्टी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घातल्या तर पहिलीचा कडक लॉक दुसरी संपेपर्यंत राहतो आणि सगळा फायदा जातो.

पायथनचं जँगो फ्रेमवर्क वापरणाऱ्यांसाठी इथे एक वेगळा खड्डा आहे. नॉट नल फील्ड डीफॉल्टसह घातलं तर जँगो तो डीफॉल्ट डेटाबेसमध्ये लावून, ओळी भरून, लगेच काढून टाकतो. जुने पॉड तो कॉलम न देता इन्सर्ट करतात आणि फसतात. जँगो ५.० पासून डीबी-डीफॉल्ट आहे, तो वापरावा.

पुढच्या रिलीजमध्ये वाचनही नव्या कॉलममधून. त्यानंतर ‘फोन’मध्ये लिहिणं थांबवायचं, पण तो नॉट नल आहे हे लक्षात ठेवून आधी त्याचं नॉट नल काढणारी फाइल हवी, नाहीतर पहिलाच इन्सर्ट फसेल. कॉलम काढणारी फाइल सगळ्यात शेवटी, स्वतंत्र रिलीजमध्ये. त्याआधी कोडमधल्या एंटिटीतून फील्ड गेलेलं असलं पाहिजे, कारण हायबरनेट वाचताना मॅप केलेला प्रत्येक कॉलम नावाने मागतो. अहवालांच्या सेवेतल्या क्वेरी, व्ह्यू आणि रात्रीचे एक्स्पोर्ट यांत ‘फोन’ शोधायचा. व्ह्यू अवलंबून असेल तर पोस्टग्रेस कॉलम काढू देत नाही, आणि त्या वेळी घाईने कॅस्केड लिहायचं नाही.

डाउन स्क्रिप्ट (बदल उलटवणारी फाइल) आम्ही लिहीत नाही. काढलेला कॉलम डाउन स्क्रिप्टने परत येतो, त्यातला डेटा येत नाही. आणि मध्यरात्री चालणारी ती स्क्रिप्ट कधीच कुणी तपासलेली नसते. त्याऐवजी नियम असा: प्रत्येक मायग्रेशन आधीच्या रिलीजच्या कोडला चाललीच पाहिजे. मग गडबड झाली तर हेल्मने ॲप एक पाऊल मागे नेता येतं आणि डेटाबेस जागचा हलवावा लागत नाही. पाइपलाइनमध्ये हे तपासता येतं: नव्या फाइल्स चालवलेल्या डेटाबेसवर आधीच्या रिलीजच्या इमेजमधल्या इंटिग्रेशन चाचण्या चालवायच्या. वरच्या उदाहरणात ‘फोन’ एका रिलीजने आधी काढला असता, तर याच चाचणीने मर्ज अडवला असता.